खातं मिटवणं

नाना नोट प्रेसला होते. नाशिकरोडच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं, की हो, तुमच्या पाकिटातली नोट छापणारा कारखाना आमच्या गावात आहे, १९२८ पासून आहे, आणि नाही, तिथल्या कामगारांना नोटा फुकट मिळत नाहीत. रोज संध्याकाळी गेटवर झडती देऊन घरी येणारा माणूस पैशाच्या बाबतीत कसा होतो, याचा नमुना म्हणजे आमचे नाना.

जेल रोडला एका वाण्याकडे आमचं खातं होतं. लाल कापडी बांधणीची लांबडी वही. पगार झाला की नाना संध्याकाळी मला बरोबर घेऊन जायचे. शेठ बोटाला थुंकी लावून आमचं पान काढणार, पुटपुटत बेरीज करणार, नाना पैसे मोजणार, शेठ पुन्हा मोजणार, आणि मग त्या पानावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. ती रेघ ओढली जाताना नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते मी पुढे कुठल्या सत्यनारायणालाही पाहिलं नाही. क्वार्टर सोडून आम्ही स्वतःच्या घरात राहायला गेलो तेव्हा शेवटचा हिशेब झाला. शेठनी नारळ दिला, माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि नानांना म्हणाले, "नवीन ठिकाणी आमचं नाव सांगा, उधार मिळेल." म्हणजे खातं मिटवलं म्हणून पत संपली नव्हती. ती वाढून पुढच्या गल्लीत गेली होती.

'पत' या शब्दाचा माझ्या डोक्यातला अर्थ त्या तिरक्या रेघेपाशी घट्ट बसला तो बसलाच. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात मी माझं सगळ्यात जुनं क्रेडिट कार्ड बंद केलं, तेव्हा आपण काहीतरी शहाणपणाचं केलं, असंच वाटलं होतं.

ते कार्ड २००९ मधलं. अंबडच्या कंपनीत नुकती लागले होते, आणि गेटबाहेर फॉर्म घेऊन उभा असलेला एक पोरगा रोज इतक्या काकुळतीनं बोलायचा की शेवटी त्याचं टार्गेट पुरं व्हावं म्हणून सही केली. चाळीस हजारांची लिमिट होती. बँकेनं न विचारता वाढवत वाढवत ती एक लाख ऐंशी हजारांवर नेली. मुलाच्या जन्माच्या वेळचं हॉस्पिटलचं बिल त्याच कार्डावर भरलं होतं, पहिलं वॉशिंग मशीनही. पुढे पेट्रोलवर काही परत मिळतं म्हणून दुसरं कार्ड घेतलं, साठ हजार लिमिटचं, आणि सगळी खरेदी तिकडे गेली. जुनं कार्ड लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, लग्नातल्या पाकिटांखाली पडून राहिलं. मे महिन्यात त्याच्यावर वार्षिक फी लागल्याचा मेसेज आला. ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. न वापरलेल्या वस्तूचे पाचशे अठ्ठ्याऐंशी! माझ्यातली नोट प्रेसवाल्याची मुलगी जागी झाली.

फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. फी माफ करते म्हणाली, नंतर कार्ड कायमचं फुकट करून देते म्हणाली. आता विचार करते तर तिथेच हो म्हणायला हवं होतं. पण रागात असताना माणसाला सवलत म्हणजे लाच वाटते. मी म्हटलं, मला बंदच करायचंय. बंद करायला काही त्रास झाला नाही, तेही सांगायला हवं. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. माझं सहाव्या दिवशी बंद झालं. नानांसमोर बसून कात्रीनं कार्डाचे चार तुकडे केले. नानांनी चष्म्यावरून बघितलं. "मिटलं?" "मिटलं." "बरं झालं."

ऑगस्टमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटसाठी कर्जाचा अर्ज केला. त्या बँकेतला तरुण मुलगा कागद बघताना आधी खूश होता. पगार ठीक, नोकरी जुनी, थकबाकी शून्य. मग त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ताई, स्कोअर सातशे अडतीस येतोय." क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारीच्या नोंदींवरून आपली पत सांगणारा आकडा. मला काही कळलं नाही, कारण फेब्रुवारीत मी पाहिला तेव्हा तो ७८६ होता. तो म्हणाला, "साडेसातशेच्या वर असता तर साडेआठ टक्के लागला असता. आता पावणेनऊ." पस्तीस लाख, वीस वर्षं. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर तिथेच आकडे टाकले. साडेआठला हप्ता येत होता ३०,३७४ रुपये, पावणेनऊला ३०,९३०. महिन्याला ५५६ रुपयांचा फरक. वर्षाचे ५८८ वाचवायला गेले आणि दर महिन्याला ५५६ मोजायची पाळी आली. हे गणित त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. नानांना तर नाहीच.

घरी येताना द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकले. पुलाखाली उभ्या उभ्या एकच विचार, मी चुकवलं काय? एकही हप्ता उशिरा गेला नाही. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरते, किमान रक्कम भरून पुढे ढकलायची सवय आमच्या घरात कुणाला नाही. उलट एक खातं कमी केलं, म्हणजे उधारीची एक वाट बंद केली. मग पत वाढायला नको?

उत्तर सापडलं ते श्रावणातल्या एका सकाळी गंगेवर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि सगळं गाव होळकर पुलावर पूर बघायला जमलं होतं. पूर बघणं हा आमचा सार्वजनिक कार्यक्रम आहे, भाजलेल्या मक्याच्या कणसासकट. रामकुंडाच्या पुढे पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. धरणातून किती क्युसेक विसर्ग झाला हे पेपरात छापून येतं, पण विचारतं कोण? विचारायचं ते एवढंच, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. २००८ च्या सप्टेंबरातल्या पुराच्या गोष्टी आजही मारुतीपासूनच सुरू होतात. शेजारी उभे असलेले एक आजोबा कुणाला तरी सांगत होते, "पूर्वी एवढ्या पाण्याला मारुती भिजायचाही नाही. आता दोन्हीकडून काँक्रीट टाकून नदी आवळली, मग पाणी वरच चढणार."

मी तिथेच हिशेब मांडला. दोन कार्डं होती तेव्हा माझं पात्र दोन लाख चाळीस हजारांचं होतं. जुलैत मुलाच्या अकरावीच्या क्लासचा हप्ता आला होता, तो आणि घरखर्च धरून कार्डावर बेचाळीस हजार गेले होते. दोन लाख चाळीस हजारांत बेचाळीस म्हणजे साडेसतरा टक्के, मारुतीच्या घोट्याला पाणी. जुनं कार्ड बंद केलं आणि पात्र उरलं साठ हजारांचं. त्यात तेच बेचाळीस हजार म्हणजे सत्तर टक्के. पाणी तेवढंच, धरणानं एक थेंब जास्त सोडला नव्हता. मीच पात्राचा मोठा भाग भराव टाकून बुजवला होता, आणि मारुती छातीपर्यंत बुडालेला पाहून ब्युरोच्या, म्हणजे सगळ्यांच्या उधारीची नोंद ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपनीच्या, यंत्रानं निष्कर्ष काढला होता की या बाईकडे पूर आलाय.

लिमिटच्या किती टक्के उधारी उभी आहे, हे प्रमाण स्कोअरमध्ये बरंच वजनदार असतं. तीस टक्क्यांच्या आत ठेवा, असं बँकेतली माणसं सांगतात. ती काही सरकारी रेषा नव्हे, अंदाजाची खूण आहे. स्कोअरचं नेमकं सूत्र कुठलीच कंपनी उघड करत नाही. कंपन्याही एक नाहीत. आपण सगळे 'सिबिल' म्हणतो, जसं कुठल्याही टूथपेस्टला पूर्वी कोलगेट म्हणायचो, पण ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चौघी आहेत, आणि चौघींचे आकडे एकाच माणसासाठी वेगवेगळे येऊ शकतात. ३०० ते ९०० च्या मधला एक आकडा, जो आपल्याला न विचारता कुणीतरी ठरवतं. पत्रिकेतले गुण तरी छत्तीसच असतात.

पण मी तर बिल पूर्ण भरत होते! हे कोडं मला आणखी आठवडाभर छळत राहिलं. मग कळलं की बँक महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी खात्यावर जी रक्कम उभी असेल तीच ब्युरोला कळवते, आणि तो दिवस बहुधा बिल निघण्याच्या आसपासचा असतो. मी पैसे भरायचे शेवटच्या तारखेला, म्हणजे बिल निघाल्यावर जवळजवळ तीन आठवड्यांनी. व्याज शून्य लागायचं, उशीर शून्य, पण मारुतीचा फोटो आधीच काढून झालेला असायचा, ऐन पुराच्या तासाला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं हे फोटोत दिसत नाही.

या काळात ऑफिसात प्रत्येकाला काही ना काही ज्ञान होतं. एक सहकारी म्हणाले, जुनं कार्ड बंद केलंस, म्हणजे पंधरा वर्षांचा इतिहास पुसला गेला. तसं होत नाही. मी रिपोर्ट काढून पाहिला, वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोनं पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात माझं २००९ चं कार्ड तसंच उभं होतं, 'क्लोज्ड' असा शिक्का घेऊन, खाली महिन्यामहिन्याचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात तीन शून्यं. तीन शून्यं म्हणजे एकही दिवस उशीर नाही. बंद केलेलं खातं अनेक वर्षं रिपोर्टात राहतं, आणि चांगलं वागलेलं असेल तर ते राहणं आपल्या फायद्याचंच. खोटं कशाला बोलू, ते शून्यांचे चौकोन पाहून मला शेठच्या तिरक्या रेघा आठवल्या आणि जरा भरून आलं.

दुसऱ्या एकीनं याच्या बरोबर उलट सांगितलं, की कार्ड कधीच, काही झालं तरी बंद करायचं नाही. हेही मला पटत नाही. माझ्या जावेनं गेल्या वर्षी पंचवीस हजार लिमिटचं एक कार्ड बंद केलं. तिच्याकडे बाकीची मिळून पाच लाखांची लिमिट आहे आणि ती कार्डावर भाजीसुद्धा घेत नाही. तिच्या स्कोअरला ढिम्म काही झालं नाही. नदीएवढ्या पात्रातून बादलीएवढी जागा कमी झाली तर मारुतीला काय समजणार? शिवाय ज्याला कार्ड हातात आलं की राहवत नाही, त्यानं स्कोअरचं कौतुक करत कार्ड सांभाळावं हे कसलं शहाणपण. पन्नास गुण गेलेले परवडतात, छत्तीस-चाळीस टक्क्यांचं व्याज परवडत नाही.

मला सगळ्यात जास्त चटका मात्र एका शब्दानं दिला. आमच्याच विभागातल्या एकाचं कार्डाचं देणं लॉकडाउनमध्ये थकलं होतं. वसुलीवाल्यांनी फोन करून करून त्याला बेजार केलं आणि शेवटी ऐंशी हजारांच्या जागी पस्तीस हजार भरा, विषय संपवू, असं ठरलं. त्यानं बायकोची सोन्याची चेन मोडून पैसे भरले. पेढे वाटले नाहीत एवढंच, पण सगळ्यांना सांगत सुटला की हिशेब सेटल केला. चार वर्षांनी गाडीच्या कर्जाला गेला तर नकार. रिपोर्टात त्या खात्यापुढे लिहिलं होतं, 'सेटल्ड'. आपल्या बोलण्यात 'सेटल केलं' म्हणजे मिटवलं, नीट केलं, डोक्यावरचं उतरवलं. रिपोर्टाच्या भाषेत त्याचा अर्थ, या माणसाकडून पूर्ण पैसे आले नाहीत, उरलेल्यावर बँकेनं पाणी सोडलं. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' या दोन शब्दांत एक माणूस उभा राहतो किंवा पडतो, आणि मराठीत दोन्हींना आपण मिटवलंच म्हणतो. तो बिचारा आता उरलेली रक्कम भरून तो शब्द बदलून घ्यायच्या मागे आहे.

एका रविवारी मिसळ खाऊन आल्यावर नाना सोफ्यावर आडवे होते. मी म्हटलं, "नाना, तुमचा स्कोअर काढू का?" त्यांना गंमत वाटली. पॅन नंबर त्यांना पाठ आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनी एकेक आकडा सुटा करून सांगितला. पडद्यावर आलं, उणे एक.

"किती?"

"उणे एक, नाना."

ते उठून बसले. आयुष्यात त्यांनी एकच कर्ज घेतलं, घरासाठी, कामगारांच्या सोसायटीतून, आणि ते पगारातून कापून कापून मुदतीच्या आधी फेडलं. त्याचा या रिपोर्टात मागमूस नव्हता. ब्युरोची पहिली कंपनी २००० साली निघाली, त्यांच्यासाठीचा कायदा २००५ चा, आणि नानांचं कर्ज त्याच्या कितीतरी आधी फिटलेलं. नंतर त्यांनी कुणाकडे हात पसरला नाही.

"आणि कमीत कमी किती असतो?"

"तीनशे."

"म्हणजे तीनशेवाला बुडव्या माझ्या पुढे?"

मी समजावलं, की उणे एक म्हणजे वाईट नव्हे, तुमच्याबद्दल त्यांना काही माहीतच नाही असं. नव्या दुकानात गेल्यावर वहीत आपलं पानच नसतं ना, तसं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पान असावं म्हणून उधारी करायची होय?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही धड नाही. त्यांच्या पिढीत उधारी मिटवली की पत दिसायची. माझ्या वेळी उधारीची सोय दारात उघडी ठेवून तिच्याकडे पाठ करून बसता येतं का, हे पाहिलं जातं. त्यांना यात लबाडी वाटते. मला लबाडी वाटत नाही, पण नवऱ्याच्या खिशातले पैसे न घेता नुसते मोजत बसल्यासारखं काहीतरी वाटतं खरं.

कर्जाचं म्हणाल तर मी घाई केली नाही. बिल्डरकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. उरलेल्या कार्डाची लिमिट वाढवून मागितली, ती साठ हजारांवरून सव्वा लाख झाली. आणि बिल निघायच्या चार दिवस आधीच पैसे भरायला लागले, म्हणजे फोटो काढायच्या वेळी मारुती कोरडा. ऑक्टोबरात स्कोअर ७७१ दिसला आणि साडेआठनं कर्ज मंजूर झालं. तेव्हा महिन्यातून एकदाच माहिती ब्युरोकडे जायची. २०२५ च्या जानेवारीपासून ती पंधरा दिवसांनी जाऊ लागली, त्यामुळे हल्ली चूक आणि दुरुस्ती दोन्ही लवकर दिसतात.

आता कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारते, पुढच्या सहा-आठ महिन्यांत कर्ज काढायचंय का? काढायचं असेल तर कार्डाला हात लावू नकोस, फी माफ करून माग. नसेल तर खुशाल बंद कर. फक्त त्याआधी त्याला जोडलेली लाइट बिलाची, सिनेमाच्या ॲपची आपोआप होणारी वजावट दुसरीकडे वळव, साठलेले पॉइंट वापरून टाक, आणि शेवटचा रुपया भरल्याची खात्री कर. त्रेचाळीस रुपये राहून गेल्यामुळे बंद समजलेलं कार्ड थकबाकीत दिसल्याचं प्रकरण मी पाहिलंय. बंद केल्याचं पत्र लेखी घ्यायचं. आणि महिन्या-दीड महिन्यानं रिपोर्ट काढून त्या खात्यापुढचा शब्द वाचायचा. नुसतं कात्रीनं कापून काही होत नाही, आणि कपाटात टाकून विसरूनही चालत नाही. वर्षभर कार्ड वापरलं नाही तर बँक कळवून, महिनाभर वाट पाहून ते स्वतःच बंद करू शकते. म्हणजे तुम्ही झोपेत असताना पात्र आवळलं जातं.

बंद केल्याचं माझं पत्र ईमेलनं आलं होतं. नानांना ईमेल पत्र वाटत नाही, म्हणून बिटको चौकातून प्रिंट काढून आणली. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. त्यात सोसायटीचा नो ड्यूज दाखला आहे, घराचं खरेदीखत आहे, आणि शेठच्या वहीतून फाडून दिलेलं आमचं शेवटचं पान आहे, तिरक्या रेघेसकट. नानांनी माझी प्रिंट दोनदा वाचली.

"यात मिटलं असं कुठं लिहिलंय?"

"क्लोज्ड लिहिलंय ना."

"ते बंद झालं. मिटलं कुठं?"

मग खिशातलं पेन काढून त्यांनी कागदावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली, खाली तारीख टाकली, आणि पेटीत शेठच्या पानाखाली ठेवून दिला.